नब्बोसाचा गुडघा

"हा पाय परत घ्या," असं म्हणत नब्बोसाने तो माझ्या टेबलावर आडवा टाकला, तेव्हा मी चहा पीत होते. चहा तसाच राहिला.

कात्वेच्या आमच्या गल्लीत दिवसभर पत्रा ठोकण्याचा आवाज चालू असतो, आणि त्या आवाजातूनही माझा आवाज ऐकू येतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. जुळ्यांची आई म्हणून मला सगळे नालोंगो म्हणतात. मी पाय बनवते. कुणाचा अपघातात गेलेला, कुणाचा साखरेने गेलेला, कुणाचा लढाईत गेलेला. माझ्याकडून पाय घेऊन गेलेलं माणूस पुन्हा चालतं, आणि या गोष्टीचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही.

"परत घ्या म्हणजे काय ग? तो काय बाजारातला ब्लाउज आहे, रंग आवडला नाही म्हणून परत आणायला?"

नब्बोसा कुबड्या भिंतीला लावून समोरच्या बाकावर बसली. मितियानाच्या शाळेत ती लहान मुलांना शिकवते. बोडावरून, म्हणजे आमच्या त्या भाड्याच्या मोटरसायकलवरून पडून तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. तिला मी जो पाय बसवला होता, त्याची तारीफ मी जिथे जाईन तिथे करत होते. काठीशिवाय ती डोंगर चढायची हो! आणि आज तीच पोरगी कुबड्या घेऊन आली होती.

"चालता येत नाही का?"

"येतं की. छान येतं."

"दुखतं?"

"नाही."

"मग काय, पायाने तुला शिवी दिली?"

ती हसली नाही. म्हणाली, "नालोंगो, मला या पायाने खाली बसता येत नाही. गुडघे टेकता येत नाहीत."

तिचं लग्न ठरलं होतं हे मला माहीत होतं. सेरुवागी नावाचा मुलगा, दुधाच्या डेअरीत काम करणारा, तोंडावर कायम हसू. अपघात झाल्यावरही त्याने हात सोडला नाही. आता क्वांजुला, म्हणजे लग्न पक्कं करायची बैठक, जवळ आली होती. मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येतात, दोन्हीकडचे बोलणारे एकमेकांची यथेच्छ टर उडवतात, आणि मग मुलगी बाहेर येऊन त्या मंडळींसमोर गुडघ्यांवर बसून नमस्कार करते, दोन्ही हातांनी कॉफीच्या दाण्यांची परडी पुढे धरते. ते झालं की ती त्यांची.

"मग त्यांना सांग की पाय वाकत नाही. माणसंच आहेत ना ती?"

"सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बिचारीला कशाला त्रास, ती खुर्चीवर बसेल आणि तिची चुलत बहीण तिच्या वतीने टेकेल. फार चांगल्या आहेत सासूबाई." नब्बोसाने रुमालाने नाक पुसलं. "पण ते 'बिचारी' आहे ना नालोंगो, ते मला जन्मभर पुरेल. माझ्याच लग्नात माझ्याऐवजी दुसरी."

इथे माझं डोकं फिरलं. गुडघे टेकण्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतंच. मी माझ्या आईसमोर सोडून कुणासमोर टेकत नाही. सासरी पहिल्याच वर्षी त्यावरून महाभारत झालं होतं, आणि ते मी जिंकलं होतं.

"अग, तुला देवाने सुटका दिलीय आणि तू ती परत करायला निघालीस?" मी म्हणाले. "शिकलेली मुलगी तू! खुर्चीवर ऐटीत बस. त्यांना टेकू दे तुझ्यासमोर!"

नब्बोसाने माझ्याकडे पाहिलं. ती शांत होती, आणि त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

"तुम्ही टेकत नाही," ती म्हणाली, "कारण तुम्हाला गुडघे आहेत. तुम्ही नाही म्हटलं तर लोक म्हणतात, बघा, काय धीट बाई आहे. मी बसून राहिले तर म्हणतात, तिला जमत नाही. नाही म्हणायला आधी गुडघा लागतो, नालोंगो. मला तो द्या. मग टेकायचं की नाही ते मी बघीन."

माझ्या तोंडावर असं बोलणारी माणसं या शहरात फार नाहीत.

मी आत वळून ओरडले, "कल्यांगो! इकडे ये, काम आहे!"

कल्यांगो आमचा इंजिनियर. विद्यापीठातून नुकताच आलेला, हुशार, आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाय उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "एवढंच ना? सांधा नव्वद अंशांत अडतोय. तो पूर्ण वाकेल असा करतो, समोर रबराची गादी लावतो. झालं."

"झालं म्हणे," मी म्हणाले. "बघू."

त्याने खरंच केलं, आणि काम सुबक केलं. गुडघा पूर्ण मागे मिटायचा, उभं राहिलं की आतला खटका बसायचा आणि पाय चालायला घट्ट. नब्बोसा पॅन्ट घालून आली, वर्कशॉपच्या मध्यावर उभी राहिली, हळूच खाली गेली. आणि तोंडावर पडली. मी झेप घेऊन तिला धरली म्हणून बरं, नाहीतर दात गेले असते.

"पुन्हा," नब्बोसा म्हणाली.

पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने खिडकीची चौकट धरली तेव्हा कुठे टिकली, पण अशी पुढे झुकून, की कुणी मागून ढकलतंय असं वाटावं.

कल्यांगो डोकं खाजवायला लागला. "तोल तिचा चुकतोय. सराव कमी पडतोय. आपण समोर एक दांडा बसवू, ती धरेल."

"लग्नात दांडा कोण धरून उभा राहणार?" नब्बोसा म्हणाली. "तुम्ही येता का?"

कल्यांगोचे कान लाल झाले. तो दिवस असाच गेला, त्याच्या पुढचेही. त्याने गादी बदलली, सांधा मागे सरकवला, पुढे सरकवला, कागदावर रेघा ओढल्या. पोरगी पडत राहिली. इकडे क्वांजुलाचा दिवस जवळ येत होता आणि मला रात्रीची झोप लागेना.

मग एका सकाळी सेंगा आली. सेंगा म्हणजे नब्बोसाच्या बापाची बहीण. आमच्याकडे पोरीला संसार शिकवायचा मान या आत्याचा, आणि ही आत्या म्हणजे तोफ. दारातूनच तिने वर्कशॉपवर नजर फिरवली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "नालोंगो कोण? तू का? बरं. हे सगळं थांबवायला आलेय मी. पोरीच्या हनुवटीला खोक पडलीय. नवरी काय ठेचाळलेल्या आंब्यासारखी दिसली पाहिजे का? तिची चुलत बहीण टेकेल. ठरलं."

"ठरवणारी तू कोण?" मी म्हणाले.

"मी सेंगा!"

"आणि मी नालोंगो! या छपराखाली मी म्हणते ते ठरतं."

शेजारच्या वेल्डरांनी कामं थांबवली. त्यांना आमचा आवाज म्हणजे फुकटचा तमाशा. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडासमोर बोटं नाचवत होतो, तेवढ्यात नब्बोसा म्हणाली, "सेंगा, तू एकदा बघ तर खरं. मग बोल."

नब्बोसा टेकली. पडली. मी धरली. सेंगाने कमरेवर हात ठेवून हे पाहिलं आणि मग ती नब्बोसाकडे नाही, कल्यांगोकडे वळली.

"हा गुडघा तू केलास?"

"हो, सेंगा."

"तू कधी टेकलायस का रे?"

"मी पुरुष आहे, सेंगा."

"ते दिसतंय मला. म्हणून तर विचारते."

"पण मी पाहिलंय ना. आई, बहिणी, मावश्या, लहानपणापासून रोज पाहतोय."

"वरून पाहिलंस," सेंगा म्हणाली. "तू उभा होतास आणि त्या खाली होत्या. त्यात काय दिसतं? डोक्याचा रुमाल दिसतो." तिने पिशवीतून घडी केलेली गोमेसी काढली, पायघोळ, खांद्यावर टोकं असलेली, चांगली जांभळी. सोबत चटईची गुंडाळी. "घाल."

"मी?"

"नाही, माझी म्हैस."

मी हसून हसून बाकाला टेकले. वेल्डर तर आतच आले. कल्यांगोने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं, पण मी मदत करते होय? मी आणि सेंगाने मिळून त्याला आत कापडाचा वेढा दिला, वर गोमेसी चढवली, कमरेला पट्टा आवळला. सेंगाने त्याच्या हातात माझी बशी दिली, परडीच्या जागी.

"आता जा माझ्याकडे. नजर खाली. पाठ ताठ. आणि टेक."

बिचारा चालत आला. त्याच्या पायात वर्कशॉपचे ते जाडजूड बूट होते, पुढे लोखंडाची टोपी असलेले. तो एका गुडघ्यावर गेला, मग दुसऱ्यावर, आणि बशीसकट थेट सेंगाच्या पायावर लोटला. नब्बोसा पडायची तशीच! हुबेहूब!

लोक खो खो हसत होते. कल्यांगो तसाच पडून राहिला होता. मला वाटलं लागलं की काय याला. मग तो ओरडला, "बूट! नालोंगो, बूट!"

"काय झालं बुटाला?"

"वाकत नाहीत!" तो गोमेसीतच उठून बसला, डोळे असे मोठे. "पाऊल मागे लोळायला पाहिजे, बोटं मागे ताणली पाहिजेत. बूट वाकत नाही म्हणून टाच वर राहते, नडगी उचलली जाते, आणि मी पुढे फेकला जातो. तिचं पाऊलही तसंच आहे, नडगीला काटकोनात घट्ट बसवलेलं. आपण इतके दिवस गुडघ्याशी भांडतोय, आणि चूक घोट्यात आहे!"

खरं होतं ते. मी इतकी वर्षं पाय बनवते, ते चालण्यासाठी बनवते, आणि चालायला घट्ट घोटाच चांगला. जमिनीवर कोण जातंय याचा विचारच आम्ही केला नव्हता. आणि आमचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं हो! केळी सोलणं जमिनीवर, खुरपणं जमिनीवर, पोराला आंघोळ घालणं जमिनीवर, नमाज जमिनीवर.

सेंगाने कल्यांगोला हात देऊन उठवलं. "मुलगा बरा आहे," ती मला म्हणाली. "फक्त त्याला कुणी खाली बसवला नव्हता."

त्या दिवशी सेंगा घरी गेलीच नाही. ट्रकच्या टायरचं जाड रबर कापून आम्ही घोट्यात एक पाचर बसवली. उभं असताना पाऊल घट्ट, पण वजन मागे टेकलं की रबर दबायचं आणि पाऊल आडवं व्हायचं. संध्याकाळच्या आत नब्बोसा चटईवर बसली होती. कशालाही न धरता. पाठ ताठ, हात मांडीवर. तिने आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मग ती अशी रडायला लागली की सेंगाचंही तोंड बंद झालं.

"आता ऊठ," मी म्हणाले. मला रडणं सहन होत नाही, मग मलाही रडू येतं.

ती उठली. डावा पाय पुढे घेतला, जोर लावला, उजवा पाय मागून सरळ झाला, खटका बसला. अहाहा! वेल्डरांनी पत्रे वाजवले. कल्यांगोने तर मला मिठीच मारली. मी त्याला ढकललं, पण उशिरा.

आता तुम्ही म्हणाल की झालं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. सेंगा म्हणाली, "पॅन्टवर झालं. नवरी पॅन्ट घालून येणार आहे का?"

म्हणून दुसऱ्या दिवशी गोमेसी घालून. आत कापडाचा जाड वेढा, वर रेशमी घोळ. नब्बोसा छान बसली. उठायला लागली, अर्ध्यावर आली, आणि पाय सरळ झालाच नाही. खटका बसला नाही. ती आडवी कोसळली आणि तिचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त डोळ्यात आलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

सांधा उघडून पाहिला तर आतला वेढा बिजागरीत गच्च अडकलेला. टेकताना कापड आत ओढलं जायचं आणि उठताना खटक्याच्या आड यायचं.

सेंगा यावेळी ओरडली नाही. तेच वाईट. ती नब्बोसाचं कपाळ पुसत हळूच म्हणाली, "बाळा, पुरे आता. तू प्रयत्न केलास. समोर सासरा बसलेला असेल. तू पडलीस तर त्याला हातसुद्धा लावता येणार नाही, सासऱ्याने सुनेला शिवायचं नसतं. सगळं गाव बघत बसेल. खुर्चीवर बसलीस तर लोक तुझी दया करतील. पडलीस तर जन्मभर हसतील."

"दयेपेक्षा हसलेलं परवडलं," नब्बोसा म्हणाली, डोळे मिटलेलेच. "पण मी पडणार नाही. नालोंगो, त्या कापडाला आत जाऊ देऊ नका. एवढंच करा."

मी आणि कल्यांगो कामाला लागलो. पत्र्याचं झाकण केलं, ते वाकताना कापड चावायचं. चामड्याचं केलं, ते सुरकुतून आत जायचं. माझी चिडचिड सुरू झाली. समोरच्या पंक्चरवाल्याला मी उगाच दोन शिव्या दिल्या, तो रस्त्यात ट्यूब पसरून बसला होता म्हणून. आणि शिवी तोंडात असतानाच माझी नजर त्या ट्यूबवर खिळली.

मोटरसायकलची जुनी ट्यूब. मऊ, ताणणारी, कापली की दोन्हीकडून उघडी. मी ती उचलली, वीतभर कापली आणि मोज्यासारखी गुडघ्यावर चढवली. वर मांडी ज्यात बसते त्या सॉकेटवर, खाली नडगीवर, घट्ट. गुडघा मिटला, ट्यूब ताणली गेली. सोडला, आणि ट्यूबनेच पाय सपकन सरळ ओढला. खटका बसला.

कल्यांगो म्हणाला, "नालोंगो! ही तर झाकणही आहे आणि स्प्रिंगही!"

"आणि खाली टेकायला गादीसुद्धा," मी म्हणाले. खोटी नम्रता मला येत नाही. मी वर्कशॉपमध्ये नाचले. पंक्चरवाला बघत राहिला, आधी शिव्या, मग नाच.

नब्बोसाने ट्यूब बोटाने दाबून पाहिली. "बोडाची आहे का?"

"हो."

"बरं झालं. बोडाने पाय नेला. निदान ट्यूब तरी त्याने द्यावी."

अपघातानंतर त्या विषयावर तिने केलेला तो पहिला विनोद. सेंगा इतकी हसली की तिच्या डोक्याचा रुमाल सुटला.

क्वांजुलाच्या दिवशी मी माझी सगळ्यात चांगली गोमेसी घातली, आणि मी ती फारशी घालत नाही. मितियानाच्या पुढे नब्बोसाच्या बापाचं घर, केळीच्या बागेत मांडव, एकीकडे आपली माणसं, दुसरीकडे मुलाकडची. चुलाण्यांवर पानात गुंडाळलेली केळी शिजत होती आणि शेंगदाण्याच्या रश्शाचा वास सुटला होता. कल्यांगो माझ्या शेजारी, कोट घालून, घामाघूम. त्याने खिशात पाना आणला होता.

"पाना कशाला?" मी विचारलं.

"असावा जवळ."

"तू काय तिथे जाऊन गुडघा आवळणार आहेस, सासऱ्यासमोर?"

बोलणाऱ्यांची जुगलबंदी चालू झाली. आपला माणूस म्हणत होता, "तुम्ही कोण? वाट चुकलात का? इथे केळी मिळत नाहीत." त्यांचा म्हणत होता, "केळी नकोत, आम्हाला या घरातलं एक फूल हवंय, सुगंध आमच्या गावापर्यंत येतो." नेहमीचंच, पण लोक हसत होते. मग त्या बाजूने दोन पोरांनी एक खुर्ची आणली. पांढरी प्लास्टिकची, तिला गुलाबी फीत बांधलेली. त्यांनी ती चटईच्या मधोमध ठेवली. सासूबाई प्रेमाने मान हलवत होत्या. मांडव एकदम गप्प झाला, आणि ती गप्प बसण्याची रीत मला ओळखीची होती. दवाखान्यात आजारी माणसाच्या खोलीबाहेर लोक तसे गप्प होतात.

नब्बोसा घरातून बाहेर आली. लाल गोमेसी, सोनेरी पट्टा, हातात परडी, कपाळावरच्या पट्टीवर छानसा रुमाल ओढलेला. मागे सेंगा, आणि सेंगाच्या मागे ती चुलत बहीण, वेळ पडली तर टेकायला तयार. नब्बोसा चालत चटईपर्यंत आली. खुर्चीपाशी आली. आणि तिला वळसा घालून पुढे गेली.

मी कल्यांगोचा हात इतका आवळला की तो कळवळला.

मुलाकडच्या पहिल्या रांगेत मध्यभागी त्यांचा आजोबा होता. सगळ्यात थोरला, पांढरा पायघोळ कांझू घातलेला, हातात काठी. नब्बोसा त्याच्यासमोर थांबली. पाठ ताठ, नजर खाली. खाली गेली. डावा गुडघा, उजवा गुडघा. पाऊल मागे लोळलं, गोमेसीचा घोळ दोन्ही बाजूंना पसरला, आणि ती बसली. परडी दोन्ही हातांनी पुढे.



"दिवस कसा गेला, जज्जा?" ती म्हणाली.

"म्म्," आजोबा म्हणाला. "बरा गेला. तुझा?"

"बरा गेला."

"म्म्."

"म्म्."

आता आमचा नमस्कार असा असतो की वरच्याचं समाधान होईपर्यंत खालच्याने उठायचं नाही. बाकीचे लोक दोन वाक्यांत आटपतात. हा म्हातारा जुन्या वळणाचा निघाला.

"कामाला शाबास हं," तो म्हणाला.

"तुमच्याही कामाला शाबास, जज्जा."

"घरचे?"

"आहेत बरे."

"आई? बाप? गुरं?"

"सगळे आहेत बरे."

"म्म्. पाऊस झाला का तुमच्याकडे?"

पाऊस! मी दात आवळले. उरलेल्या मांडीवर इतका वेळ वजन ठेवलं की मुंग्या येतात, मग बधिर होते, आणि बधिर मांडीवर उठणं म्हणजे अंधारात जिना शोधणं. मला ते माहीत होतं, कल्यांगोला माहीत होतं, नब्बोसाला तर होतंच. पण ती हसून म्हणाली, "झाला, जज्जा. शेंगा चांगल्या आल्यात."

"शेंगा! अरे वा. आमच्याकडे उंदरांनी खाल्ल्या. केवढाले उंदीर!" आणि तो उंदरांचं सांगायला लागला.

सेरुवागीचा बाप खाकरला. सासूबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. बोलणारा माणूस मध्ये तोंड घालायला गेला, म्हाताऱ्याने काठी उचलून त्याला गप्प केलं. मी पुटपुटले, "आटपा हो आजोबा, नाहीतर मीच येते उंदीर मारायला!" समोरच्या बायका वळून बघायला लागल्या. बघू देत.

शेवटी त्याने परडीतून कॉफीचे दाणे उचलले, तोंडात टाकले, चावले. "म्म्. ऊठ, बाळा."

नब्बोसाने डावा पाय पुढे घेतला. जरा थांबली. तिच्या कपाळावर घाम दिसला. मांडवाच्या कडेला उभा असलेला तिचा भाऊ न राहवून धावला, हात पुढे केला, आणि सेंगाने त्याच्या हातावर अशी चापट मारली की आवाज मागच्या रांगेपर्यंत आला.

"हात लावशील तर बघ!"

नब्बोसाने जोर लावला. अर्ध्यावर आली. गोमेसी हलली, आत कुठेतरी माझी ट्यूब ताणली आणि ओढली, आणि खट्! खटका बसल्याचा आवाज मला माझ्या छातीत ऐकू आला. ती उभी होती. हात न टेकता, कुणाला न धरता, हातात परडी, आणि परडीतला एक दाणासुद्धा सांडला नव्हता.

बायकांनी जी आरोळी उठवली, तशी मी जन्मात ऐकली नाही. सासूबाई तोंडावर हात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. सेरुवागी रडत होता, तोंडावरचं हसू तसंच ठेवून. कल्यांगो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि मीही, हो, मीही रडत होते, मोठ्याने, कुणाची भीडभाड न ठेवता. केलं पोरीने! केलं आम्ही!

एकट्या आजोबालाच काही कळत नव्हतं. तो इकडे तिकडे बघत होता, एवढा गोंधळ कशाचा म्हणून. मग त्याने काठी आपटली. सगळे गप्प झाले.

"मुलगी छान आहे," तो म्हणाला. "नीट नमस्कार करते, असा हल्ली कुणी करत नाही. पण आता आटपा. मला इतक्या लांबून एका पायाची मुलगी बघायला आणलंय ना? तिला कधी आणणार?"



नब्बोसाने गोमेसीचा घोळ सारखा केला. "ती आत्ताच येऊन गेली, जज्जा," ती म्हणाली, आणि परडी घेऊन शेजारच्या पाहुण्यासमोर जाऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली.